रात्री येणारे वैद्य

भंडारा जिल्ह्यात रक्त तपासायला माणसं रात्री येतात. जेवणं आटोपलेली असतात, पोरं पेंगुळलेली असतात, आणि अशा वेळी आरोग्य खात्याचं पथक दारात उभं राहतं, बोटाला सुई टोचतं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतं आणि पुढच्या घराकडे वळतं. हत्तीरोगाच्या शोधासाठी होणारी ही रात्रीची तपासणी पूर्व विदर्भाला नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा या रोगाचा जुना मुलूख. रात्रच का निवडायची, याला पक्कं कारण आहे. हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावण्याच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने चीनमधल्या अमॉय बंदरात १८७० च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखलं, आणि तेव्हापासून या रोगाचा माग काढणाऱ्याला जागरण चुकलेलं नाही. आता हीच हकीकत कारण वगळून सांगून पाहावी. अंधार पडल्यावर अनोळखी आले, अंगाला सुई लावली, शरीरातलं काहीतरी घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही आणि निघून गेले. परग्रहवासीयांनी माणसाला उचलून नेल्याच्या ज्या कथा अमेरिकेत गेली साठेक वर्षं सांगितल्या जात आहेत, त्यांचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. मधे गाळलेल्या त्या एका कारणामुळे केवढा फरक पडतो, हे दाखवण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. या कथांमधल्या अपंगत्वाच्या आणि बरं होण्याच्या भागाकडे तिचा रोख राहील, कारण माझ्या मते कथेचा जीव तिथेच आहे, उडत्या तबकडीत नाही.

या साहित्याचं मूळपीठ कोणतं ते आधी पाहू. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडातली सहल आटोपून न्यू हॅम्पशायरमधल्या घरी मोटारीने परतत होतं. आकाशातला एक दिवा आपला पाठलाग करतोय असं त्यांना वाटलं, आणि पुढे प्रवासातल्या काही तासांचा हिशेब लागेना. बेटीला भयंकर स्वप्नं पडू लागली. बार्नीचा पोटातला व्रण चिघळला, रक्तदाब वाढला, जांघेत चामखिळींचं एक कडं उठलं. इलाजासाठी ते १९६४ मध्ये बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांच्याकडे गेले, आणि तिथे संमोहनाखाली ती प्रसिद्ध कथा बाहेर आली: यानातलं टेबल, कातडी खरवडून घेतलेले नमुने, केस, नखं, आणि बेटीच्या बेंबीत खुपसलेली लांब सुई. १९६६ मध्ये जॉन फुलर यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. स्वतः सायमन यांचं मत मात्र असं होतं की कथा बेटीच्या स्वप्नांतून आली आणि ऐकून ऐकून बार्नीच्या आठवणीत उतरली. अपहरणकथांचा हा आद्य पाठ रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधल्या संवादात, आजारपणाच्या चौकशीतून तयार झाला, ही गोष्ट तबकड्यांच्या वादात हरवून जाते. बार्नी हा कृष्णवर्णीय, पोस्टात नोकरी करणारा. बेटी गोरी, समाजसेवेच्या खात्यात. दोघंही नागरी हक्कांच्या चळवळीतले. ज्याच्या शरीराकडे आयुष्यभर परके लोक रोखून पाहत आले, त्या माणसाच्या कथेत परके लोक त्याला टेबलावर निजवून पाहतात, याचं आश्चर्य वाटायला नको.

पुढे चित्रकार बड हॉपकिन्स यांनी १९८१ पासून पुस्तकं लिहून, आणि हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉन मॅक यांनी १९९४ च्या ग्रंथात, अशा कथांचा साचाच समोर ठेवला. पलंगावर जाग येते, हात-पाय हलत नाहीत, खोलीत कुणीतरी असतं, मग टेबल, प्रखर दिवा, मोठ्या डोळ्यांचे मुके वैद्य, तपासणी, परत पलंग, आणि सकाळी अंगावर एखादा अनाकलनीय व्रण. यातल्या पहिल्या भागाचा उलगडा झोपेच्या अभ्यासाने केव्हाच केला आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीर सैल पडलेलं असतं. तो सैलपणा जाण्याआधीच मेंदू जागा झाला तर माणूस जागेपणी जखडला जातो आणि खोलीतली ‘चाहूल’ त्याला छातीवर जाणवते. डेव्हिड हफर्ड यांनी १९८२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या अशा अनुभवांवर ग्रंथ लिहिला. तिथे त्या चाहुलीला म्हातारी म्हणतात. आपल्याकडे ‘रात्री भुतानं दाबलं’ म्हणतात. अनुभव एकच, पाहुणा ज्याच्या त्याच्या गावचा. पण झोपेच्या या उलगड्याने टेबलाचं कोडं सुटत नाही. जखडलेल्या माणसाला राक्षस दिसावा, चेटकीण दिसावी, हे समजतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला शल्यचिकित्सक का दिसू लागले? माझं उत्तर सरळ आहे. त्या काळात सामान्य माणूस सर्वांत असहाय होऊन ज्या जागी निजला, ती जागा इस्पितळातलं टेबल होती. ज्यांना वारंवार तिथे निजावं लागतं, म्हणजे अपंग आणि दीर्घकाळ आजारी माणसं, त्यांना या कथांमधला एकही तपशील अपरिचित वाटू नये: कपडे उतरवणं, मोजमाप, आपल्याबद्दल आपल्या डोक्यावरून चाललेलं बोलणं, आणि ‘झालं, जा आता’.

याच कथांची एक शाखा मात्र उजळ आहे. प्रेस्टन डेनेट यांनी १९९६ मध्ये परग्रहवासीयांनी बरं केलेल्या लोकांच्या हकिकतींचं एक पुस्तकच काढलं. या शाखेतली सर्वांत गाजलेली घटना फ्रान्समधली, नोव्हेंबर १९६८ ची. ‘डॉक्टर एक्स’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक वैद्य अल्जीरियाच्या युद्धात सुरुंगाच्या स्फोटात जखमी झाला होता आणि त्याच्या उजव्या अंगाला कमजोरी राहिली होती. शिवाय काही दिवसांपूर्वीच लाकडं फोडताना कुऱ्हाड लागून पाय सुजला होता. रात्री तान्ह्या मुलाच्या रडण्याने तो उठला, खिडकीतून दोन तेजस्वी चकत्या एक होताना पाहिल्या, किरण अंगावर पडला, आणि पायाची सूज गेली. पुढे अंगाची कमजोरीही ओसरली. नंतर बाप आणि मूल दोघांच्याही बेंबीभोवती तांबूस त्रिकोण उमटला. एमे मिशेल या संशोधकाने ही घटना नोंदवली. श्रद्धाळू वाचक इथे थबकतो आणि विचारतो की सांगणारा स्वतः डॉक्टर आहे, त्याचं काय? त्याचं एवढंच, की डॉक्टर असणं ही तपासणी नव्हे. नाव झाकलेलं, आधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळ्या हातांनी पडताळलेले नाहीत. पायाची ताजी सूज उतरतेच. मेंदूच्या जुन्या दुखापतीनंतरची कमजोरी कधी कधी उशिराही निवळते. यातलं नेमकं काय घडलं हे आता ठरवता येणार नाही, आणि न ठरवता येण्यालाच पुरावा म्हणण्याची खोड या साहित्याला आहे.

मला या घटनेतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. युरोपात शतकानुशतकं अशी समजूत होती की पऱ्या धडधाकट मूल पळवतात आणि त्या जागी आपलं रोगट, वाकडं मूल ठेवतात. जन्मतः अपंग मुलांचा हा ‘खुलासा’ होता, आणि त्याने अनेकांचा जीव घेतला. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी ही आजारी पडलेली तरुणी ‘आपली बायको नव्हेच, बदललेली आहे’ असं म्हणत नवऱ्याने जाळली. तेव्हा अपंगत्व हा अपहरणाचा पुरावा होता. अर्ध्या-पाऊण शतकाने, तबकड्यांच्या युगात, अपंगत्व नाहीसं होणं हा अपहरणाचा पुरावा झाला. दिशा उलटली, पण शरीराचं काम तेच राहिलं: दुसऱ्या कुणाच्या दाव्याची साक्ष देणं. ज्याचं ते शरीर, त्याला काय हवं होतं, दुखत होतं का, लाज कशाची वाटत होती, हे दोन्ही कथांत कुणी विचारत नाही.

आता घराकडे येऊ. वैनगंगेच्या काठी तबकडी उतरल्याची कथा कुणी सांगत नाही. पण माणसाला उचलणारे, भुलवणारे, धरणारे आपल्याकडे कमी नाहीत. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच बांधाभोवती फिरतो आणि मधले तास त्याला आठवत नाहीत. अमेरिकन पुस्तकांतले ‘हरवलेले तास’ ते हेच. तळ्या-विहिरींवरच्या साती आसरा माणसाला पाण्याकडे ओढतात, आणि भंडारा तर मालगुजारी तळ्यांचाच जिल्हा. भाषाही याच बाजूची आहे. मराठीत आजार होण्यापेक्षा येतो, लागतो, धरतो. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात. ‘देवी आल्या’ म्हणजे अंगावर फोड. ‘बाहेरचं लागलं’ म्हणजे निदान होत नाही असं सगळं. शरीर हे घर आणि रोग हा बाहेरून आलेला कुणीतरी, अशी मांडणी आपण बोलताना रोज करतो. मग आलेल्याला घालवणारा लागतो: भगत, मांत्रिक, उतारा, अंगारा.

मधे एकदा आपल्यालाही आकाशातून वैद्य मिळाला, तो चित्रपटात. ‘कोई... मिल गया’ हा २००३ चा राकेश रोशन यांचा हिंदी चित्रपट भंडाऱ्यापासून मुंबईपर्यंत सगळ्या पोरांनी पाहिला. आई गरोदर असताना अपघात झाला, तोही यान दिसल्यामुळे, आणि त्यातून बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मलेला रोहित. त्याला उन्हातून शक्ती घेणारा ‘जादू’ बरा करतो. परग्रहवासीयांमुळे अपंगत्व आणि परग्रहवासीयांमुळेच मुक्ती, म्हणजे परीकथा आणि तबकडीकथा एकाच तिकिटात. चित्रपट गोड आहे, पण त्याचा हिशेब क्रूर आहे: रोहितला मान, खेळ आणि प्रेम मिळतं ते बरं झाल्यावर. तसाच राहिला असता तर काय, या प्रश्नाला पटकथेत जागा नाही. सरकारने ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ उचलला तेव्हाही हेच झालं असं मला वाटतं. उतरंडीच्या तळातून एका शब्दात थेट देवघरात. मधली माणसाची पायरी वगळून. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली शेवटची बाब याच ओढीविरुद्ध आहे: मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना हा प्रकार लिहून ठेवावासा वाटला, यावरून तो किती परिचित असेल ते समजावं.

पण माझा मुख्य पुरावा चित्रपट नाही, सिकलसेल आहे. रक्ताचा हा आनुवंशिक आजार भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम ओळखला गेला. मध्य भारतातल्या लोकांत त्याचे वाहक असल्याचं शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं. विदर्भात, भंडाऱ्यासह, तो दलित, आदिवासी आणि इतर मागास समाजांत पिढ्यान्‌पिढ्या होता. फक्त त्याला नाव नव्हतं. तो कसा दिसतो ते पाहावं. जन्मताना मूल ठणठणीत. काही महिन्यांनी हातापायांची बोटं अचानक सुजतात. मग थंडीत, तापात, पाणी कमी प्यायल्यावर, दमल्यावर, हाडं फुटावीत अशा वेदना उठतात. पोर रात्रभर किंचाळतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला अंगावर काहीच दिसत नाही. काही दिवसांनी दुखणं आपोआप ओसरतं आणि मूल खेळायला जातं. एका घरात एकाला होतं, दुसऱ्याला नाही. कुणाच्या खुब्याचा सांधा झिजून पाय लंगडतो, कुणाला कोवळ्या वयात लकवा मारतो. आता निदान काढून घेतलं तर उरतं काय? अदृश्य कुणीतरी रात्री येतो, निवडून एकाच पोराला छळतो, खूण ठेवून जातो. नायजेरियातल्या इग्बो लोकांत पुन्हा पुन्हा जन्मून मरणाऱ्या ‘ओग्बांजे’ मुलांची समजूत आहे, आणि तिच्यामागे सिकलसेल असावा असं अभ्यासकांनी मांडलं आहे. ज्यांना कुणी कारण सांगितलं नाही त्यांनी डोळ्यांसमोरच्या पुराव्यावरून जो तर्क लढवला, तो मूर्खपणाचा नव्हता.

मांत्रिकाला यश का येतं तेही याच आजारात स्वच्छ दिसतं. घरचे त्याच्याकडे कधी जातात? वेदना टिपेला असताना. टिपेनंतर उतारच असतो. उतारा टाकला, दोन-तीन दिवसांत पोर उठलं, श्रेय उताऱ्याला. पुढच्या वेळी दुखलं तर दोष पथ्याला. डॉक्टर एक्सच्या पायाची सूज आणि इथल्या पोराची वेदना यांत हे साम्य आहे: चढ-उतार असलेल्या दुखण्यात इलाज नेहमी चढावर केला जातो, म्हणून कुठलाही इलाज गुणकारी ठरतो. याला तोडगा उपहासाचा नाही, चाचणीचा आहे. सिकलसेल असेल तर रक्ताचा थेंब विद्राव्यता चाचणीत गढूळ होतो, पुढच्या तपासणीत आजारी कोण आणि वाहक कोण ते कळतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, हे समजलं की ‘एकालाच का’ या प्रश्नाला आसरा-भुतांशिवाय उत्तर मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र मला खटकतो. जी माणसं हा आजार घेऊन जगत आहेत त्यांच्या कानांना तो कसा लागत असेल, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला नसावा.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की श्रद्धेने बरी झालेली माणसं खोटी का? भंडारा-नागपूरच्या गावोगावी बाबा जुमदेव (१९२१ ते १९९६) यांचे ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक आहेत, आणि दुःखातून सुटका झाल्याचे त्यांचे अनुभव ते मनापासून सांगतात. हे अनुभव मी खोटे मानत नाही. पण मार्गात काय करावं लागतं तेही पाहावं: दारू सुटते, जुगार सुटतो, मांत्रिकांच्या आणि नवसांच्या फेऱ्या थांबतात, सगळं घर एका नियमाने वागू लागतं. ज्या घरात दारू थांबते तिथे यकृत, पगार, बायकोची झोप आणि पोरांचं जेवण, सगळंच सुधारतं. हा गुण कारणासकट समजतो, आणि कारण समजल्याने त्याचं मोल तसूभर कमी होत नाही. त्याने रक्तातला सिकलसेल मात्र जात नाही. ती अपेक्षा ठेवून औषध थांबवलं तर पोराचा जीव धोक्यात येतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने, विवेकवाद्यांच्या घरातून येईल: सगळी फसवणूक आहे, एवढं म्हणून मोकळं व्हा की. फसवणारे आहेत, त्यांच्यासाठी कायदा आहे. पण सुसान क्लॅन्सी यांनी हार्वर्डमध्ये अपहृत म्हणवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचं २००५ चं पुस्तक वाचलं तर दिसतं की ही माणसं बहुतेक लबाड नाहीत, वेडीही नाहीत. रिचर्ड मॅकनॅली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की आपल्या अपहरणाचं वर्णन ऐकताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि घाम युद्धातून परतलेल्यांसारखे वाढतात. घटना घडली नसली तरी भीती शरीरात खरी होती. अशा माणसाला ‘काही झालंच नाही’ म्हणणं हे आणखी एकदा टेबलावर निजवून न बोलता निघून जाण्यासारखं आहे. क्लॅन्सींना आढळलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: बहुतेकांना हा अनुभव सोडायचा नव्हता. कुणीतरी, आकाशातून का होईना, आपली निवड केली, आपल्याकडे नीट पाहिलं, याचं मोल त्यांना वाटत होतं. ज्याची कुणी विचारपूस करत नाही, त्याला तपासणारा परग्रहवासीसुद्धा आपला वाटू शकतो. दवाखान्यांनी ही ओळ भिंतीवर लावायला हरकत नाही.

म्हणून वाचकाला विनंती एवढीच, की यापुढे अशी कोणतीही कथा हाती आली, यानाची असो वा आसरांची, तर खरं की खोटं हा प्रश्न क्षणभर मागे ठेवून आधी विचारावं: दुखणं केव्हा सुरू झालं, इलाज चढावर झाला की उतारावर, कारण कुणी आणि कोणत्या भाषेत सांगितलं, आणि बरं न होता जगण्याची सोय त्या कथेत आहे का. शेवटच्या प्रश्नावर जवळजवळ सगळ्या कथा गप्प होतात. हत्तीरोग तिथे गप्प राहू देत नाही. आरोग्यसेविका दारात देते त्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात. ती मरताना ज्याच्या अंगात रोग होता त्यालाच एखादा दिवस ताप आणि डोकेदुखी होते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर ‘चांगल्या माणसाला गोळीनं आजारी पाडलं’ ही नवी कथा त्याच संध्याकाळी तयार असते. गोळ्यांनी पुढचा प्रसार थांबतो. जो पाय जाडजूड झाला आहे तो मात्र पूर्ववत होत नाही; आकाशातून कुणी आलं नाही, येणारही नाही. तो पाय रोज साबण-पाण्याने धुवावा लागतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या लागतात, बसताना उंचावर ठेवावा लागतो. तेवढं नियमाने केलं की लाल होऊन ठणकण्याचे आणि तापाचे झटके कमी येतात.